कारगिलच्या हिवाळ्यात साइट चालू ठेवायची आहे, हीटर किती लागतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारगिलजवळ एका पंपहाउसचं काम. शेडचा सांगाडा उभा आहे, २० मीटर लांब, १२ रुंद, ६ उंच. पत्रे अजून यायचेत. आत पंपांची फौंडेशन ओतायची, मग ग्राउटिंग (पंपाच्या प्लेटखालची फट भरणं), मग केबल. डिसेंबरअखेरपर्यंत काम थांबवायचं नाही असा वरून निरोप. पुण्याचं ऑफिस विचारतंय, "मोठे हीटर चार पाठवले तर पुरतील का?" आणि विचारणारे इंजिनीअर साताऱ्याकडचे. त्यांनीच लिहिलंय की थंडी म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की पेपरात येतो तो फोटो, एवढीच ओळख.

मी लडाखमध्ये सहा हिवाळे काढले. पहिल्या हिवाळ्यात मीही ऑफिसला हाच आकडा कळवला होता, चार. खरं उत्तर असं की हीटर किती, हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी किती जागा गरम ठेवायची ते ठरवा, मग वारा अडवा, आणि पहाटे चार वाजता हीटर बंद पडला तर कोण उठणार त्याचं नाव कागदावर लिहा.

जागेपासून सुरुवात करू. तुमचा अख्खा सांगाडा ताडपत्रीने गुंडाळायचा ठरवला तर भिंती आणि छत मिळून ६२४ चौरस मीटर होतात. बाहेर उणे २०, आत अधिक १० हवेत, म्हणजे फरक ३० अंशांचा. एकेरी ताडपत्रीच्या दर चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला साधारण ६ वॉट उष्णता निघून जाते. गुणाकार करा, ११२ किलोवॉट नुसते कापडातून गेले. तासाला दोनदा आतली हवा बदलते असं धरलं तर आणखी २० च्या वर. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास उष्णता असते, त्यातली धुराड्यातून जाणारी वजा करून साडेआठ हाती लागतात. म्हणजे दिवसाला पावणेचारशे लिटरच्या आसपास, जवळजवळ दोन पिंपं, रोज. आणि हे वारा नसताना. कारगिल-द्रासच्या खोऱ्यात दुपारनंतर वारा सुटतो, तो ताडपत्रीच्या एका फटीतून शिरतो आणि दुसऱ्या फटीतून तुमचं डिझेल घेऊन जातो.

आता दुसरा हिशोब. अख्खी शेड सोडून द्या. ज्या फौंडेशनचं काम चालू आहे तेवढ्याभोवती ८ बाय ६ चा, अडीच मीटर उंचीचा तंबू करा. ताडपत्री दुहेरी, दोन थरांत चार बोटं हवेची फट. पृष्ठभाग ११८ चौरस मीटर, दुहेरी थरामुळे गळती निम्मी. सगळं धरून १२-१३ किलोवॉट. दिवसाला ३५ लिटर. काँक्रीट तेच, थंडी तीच, खर्च एक दशांश. हे काम एका सुताराचं आणि दोन मदतनीसांचं, दीड दिवसाचं. मला हे शिकायला एक अख्खा हिवाळा लागला, कारण छोटा तंबू म्हणजे हलकं काम असं वाटायचं आणि मोठी गरम शेड साहेबांना दाखवायला बरी.

ताडपत्री बांधताना खालची कड जमिनीवर नुसती सोडू नका. हातभर मोकळी ठेवून तिच्यावर मातीच्या गोण्या रचा. छत उतरतं करा, नाहीतर रात्रीत बर्फ साचून तंबू काँक्रीटवर बसतो. दार एक नको, दोन पडदे, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. आणि निळी प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त असली तरी पेटली की वितळलेले थेंब खाली टपकतात. हीटरच्या बाजूला तरी न पेटणारं जाड कॅनव्हास लावा.

उन्हाला विसरू नका. लडाखचं ऊन हिवाळ्यातही कडक असतं, हवा कोरडी आणि विरळ असल्यामुळे. लेहजवळ फे गावात सेक्मोलची शाळा आहे, तिच्या इमारती मुख्यतः सूर्याच्या उष्णतेवर ऊबदार राहतात. एकदा वेळ काढून बघून या. साइटवर त्याचा साधा उपयोग म्हणजे तंबूची दक्षिण बाजू पारदर्शक पॉलिथिनची, आणि खडी-वाळूच्या ढिगावर दिवसा काळं प्लास्टिक. संध्याकाळी चारला ढीग पेंढा आणि ताडपत्रीने झाकायचा. मजुरांच्या खोल्यांची दारं-खिडक्याही दक्षिणेलाच. गावातली जुनी घरं बघा, बहुतेकांनी हे कुणी न शिकवता केलेलं असतं.

आता हीटर. बाजारात दोन जाती. एकात ज्वाळेतून गेलेली हवा सरळ आत येते, धूर, वाफ सगळं घेऊन. दुसऱ्यात ज्वाळा वेगळ्या कोठीत, धूर धुराड्याने बाहेर, आणि फक्त स्वच्छ गरम हवा मोठ्या नळीतून आत. पहिला स्वस्त, हलका आणि कागदावर जास्त कार्यक्षम. तुम्ही दुसराच घ्या, आणि तोही तंबूच्या बाहेर ठेवून नळी आत सोडा. कारणं तीन. थेट ज्वाळेच्या हीटरमधला कार्बन डायऑक्साइड ताज्या काँक्रीटच्या पृष्ठभागातल्या चुन्याशी लागतो आणि पहिल्या दिवसातच वरचा थर भुसभुशीत होतो. महिन्याभराने झाडू मारला की पांढरी पूड निघते आणि सगळे सिमेंटच्या नावाने खडे फोडतात. दुसरं, एक लिटर डिझेल जळलं की एक लिटरहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ती वाफ थंड ताडपत्रीवर गोठते, दिवसा वितळून तुमच्या पॅनेलवर पडते. तिसरं कारण माणसांचं आहे, त्यावर पुढे वेगळं लिहितो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं.

एक गोष्ट पुण्याच्या ऑफिसला नक्की कळवा. हीटर कुठल्या उंचीसाठी लावून येतोय? कारगिल समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरच्या वर, लेह ३,५०० च्या आसपास. लेहला हवेची घनता समुद्रकाठच्या दोन तृतीयांश उरते. भोसरीत छान स्वच्छ जळणारा बर्नर इथे काजळी धरत जळतो, कारण तेल तेवढंच आणि हवा कमी. नोझल (तेलाचा फवारा सोडणारं तोंड) बदलून किंवा हवेची झडप लावून तो नीट करावा लागतो, आणि तेवढ्या प्रमाणात हीटरची ताकदही कमी धरावी लागते. जनरेटरचंही तेच. पाटीवर लिहिलेला आकडा इथे मिळत नाही.

गॅसवर चालणारे हीटर नकोत. आपल्या सिलेंडरातल्या एलपीजीत ब्युटेनचा वाटा मोठा असतो, आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. त्याखाली ते द्रवच राहतं, म्हणजे सिलेंडर भरलेला आणि शेगडी विझलेली. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू देतं, पण शुद्ध प्रोपेनचा पुरवठा तुम्हाला तिथे नियमित मिळेल या भरवशावर काम उभं करू नका. शेवटी काय होतं ते मी पाहिलंय: कुणीतरी सिलेंडरखाली जळता बोळा ठेवतो. हे दिसलं तर माणसाला तिथल्या तिथे थांबवा. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर पंपाच्या खड्ड्यात जाऊन बसतो.

म्हणजे डिझेल. त्याची स्वतःची एक खोड आहे. थंडीत त्यातलं मेण गोठतं, आधी ते ढगाळ दिसतं, मग फिल्टर तुंबतो, मग दह्यासारखं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. त्याआधी ड्रायव्हर मंडळी टाकीखाली शेकोटी करायची किंवा रॉकेल मिसळायची. तुम्ही हिवाळी डिझेलच मागवा. आधीच्या महिन्यातलं साधं डिझेल पिंपात उरलं असेल तर ते उन्हात गाड्यांना वापरून संपवा, हीटरच्या टाकीत मिसळू नका.

माझा पहिल्या हिवाळ्यातला किस्सा इथलाच. पिंप मी शहाण्यासारखं गरम जागेत ठेवलं होतं. हीटर बाहेर. दोन्हींच्या मधली आठ फूट रबरी नळी मात्र उघड्यावर, जमिनीवरून. पहाटे केव्हातरी नळीत मेण धरलं, हीटर विझला, रात्रपाळीचा पोरगा बुखारीपाशी, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीपाशी, झोपलेला. सकाळी सातला मी तंबूत गेलो तर फौंडेशनचे कोपरे बर्फाच्या नक्षीने भरलेले. ते काँक्रीट पुढे घट्ट झालं, दिसायलाही वाईट नव्हतं. हातोडीने कोपरा टोकला तर ढेकूळ हातात आलं. सगळं फोडावं लागलं. चूक माझी होती, पोराची नाही. त्याला मी झोपू नकोस म्हटलं होतं, पण दर तासाला काय बघायचं ते सांगितलंच नव्हतं.

ते का फुटलं ते सांगतो, कारण त्यावरच सगळं वेळापत्रक ठरतं. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. ताज्या काँक्रीटमधलं पाणी सिमेंटने बांधून घेण्याआधीच गोठलं तर आतली जाळी तुटते आणि पुढे कितीही ऊब दिली तरी ती ताकद परत येत नाही, जवळपास निम्मीही जाऊ शकते. एकदा का काँक्रीटने ३.५ मेगापास्कल एवढी ताकद धरली की पहिल्या गोठण्याने ते मोडत नाही. १० अंशांच्या आसपास ठेवलं तर चांगल्या मिश्रणाला एवढं यायला साधारण एक ते दोन दिवस लागतात. पण त्यावर खुश होऊन ऊब काढू नका. ते फक्त वाचण्यापुरतं आहे, भार घेण्यापुरतं नाही. पंपाच्या फौंडेशनला मी दिवस मोजत नाही, सोबत तंबूतच ठेवलेले क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, फोडून बघतो.

आपलं मानक, आयएस ७८६१ चा दुसरा भाग, हवा ५ अंशांच्या खाली गेली की थंड हवेतलं काँक्रीट मानतो. तुमच्याकडे तर दुपारीही तेवढं नसेल. तर मिश्रण गरम करून ओतायचं. खडी गरम करायच्या भानगडीत पडू नका, पाणी तापवा. वजनाला वजन धरलं तर पाणी खडी-सिमेंटच्या चार-पाच पट उष्णता धरतं. एका घनमीटरला ३८० किलो सिमेंट, १,८५० किलो खडी-वाळू, १७० लिटर पाणी धरा. खडी २ अंशांवर, सिमेंट ५ वर, पाणी ६० अंशांवर, तर मिश्रण साधारण १७ अंशांवर निघतं. तेच पाणी ५ अंशांचं वापरलं तर जेमतेम ३. फक्त खडीत बर्फाचे गोळे नकोत. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जातं. तुमचं सगळं गरम पाणी त्या गोळ्यांतच खर्ची पडेल. म्हणून तो ढीग झाकण्याचा आग्रह. मिक्सरमध्ये आधी गरम पाणी आणि खडी, ती एकमेकांत निवली की मग सिमेंट. उलटं केलंत तर सिमेंट मिक्सरमध्येच धरेल.

सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलंड, घ्या. गावाकडे सगळीकडे राख मिसळलेलं पीपीसी चालतं, इथल्या थंडीत ते फार सावकाश ताकद धरतं. लवकर धरायला कुणी कॅल्शियम क्लोराइड सुचवेल. सळई असलेल्या कामात अजिबात नाही. आयएस ४५६ ने सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो घातली आहे, ती या मिठाने लगेच ओलांडते आणि पुढे सळई गंजते. क्लोराइड नसलेली रसायनं मिळतात, ती आणा.

ओतण्याआधी दोन दिवस तंबू चालू करून खालची जमीन वितळवा. गोठलेल्या मातीवर ओतलेलं फौंडेशन वसंतात माती सुटली की खचतं, आणि मग पंपाचं अलाइनमेंट कधीच बसत नाही. सळई आणि शटरिंगही तेवढेच गार असतात, त्यावरचं हिमकण झाडून काढा. ओतल्यावर वरून पॉलिथिन, त्यावर गोधडीसारखं जाड पांघरूण. मोठ्या फौंडेशनला सिमेंटची स्वतःची उष्णता पुष्कळ असते, मधोमध हात लावाल तर ऊबच लागेल. म्हणून थर्मामीटर मधोमध नाही, कोपऱ्यात लावायचा. थंडी कोपऱ्यातून शिरते. ऊब काढतानाही एकदम तंबू उचलू नका. आतलं तापमान दिवसभरात हळूहळू खाली आणा, नाहीतर पृष्ठभागावर तडे जातात.

ग्राउट आणि इपॉक्सीला तर याहून जास्त नखरे. इपॉक्सी १० अंशांखाली धरतच नाही असं समजा, आणि लोखंडाच्या प्लेटचं तापमान मोजा, हवेचं नव्हे. पीव्हीसीच्या केबल शून्याच्या आसपास ड्रमवरून सोडल्या तर वरचं आवरण तडकतं. ड्रम आदल्या दिवशी गरम तंबूत आणून ठेवायचा. पाइपलाइनची पाण्याने चाचणी घेतलीत तर पाणी त्याच दिवशी पूर्ण काढा. पाइप रिकामा होतो पण झडपेच्या पोटात वाटीभर उरतं, तेवढं बिडाची झडप फोडायला पुरे. आगीसाठी पाण्याचे किंवा फेसाचे नळकांडे ठेवू नका, ते गोठून बसतात. पावडरचेच हवेत.

आता माणसं, म्हणजे मघाचं ते तिसरं कारण. तुमच्याकडे बरेच मजूर झारखंड-बिहारचे असतील. राहायच्या खोल्यांत बुखारी असेल, लाकडाची किंवा रॉकेलची. रात्री थंडी वाढली की दाराच्या फटीत कापड कोंबतात, धुराड्याचं तोंड बर्फाने बुजतं, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. इथे आधीच ऑक्सिजन कमी.

यातला खरा धोका हा की लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात. डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं. नव्या माणसाचं डोकं दुखलं की सगळे म्हणतात, "हाइट लागली आहे, आराम कर," आणि त्याला परत त्याच खोलीत झोपवतात. माझ्या एका साइटवर एका खोलीतली चार मुलं एकाच सकाळी डोकं धरून बसली होती. चौघं तीन आठवडे वर राहिलेली, त्यामुळे मला शंका आली. बाहेर उन्हात आणलं, तासाभरात बरी वाटायला लागली, तरी दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन दिला. धुराड्यात कावळ्याने काड्या भरल्या होत्या. तेव्हा एकाच खोलीतल्या अनेकांना एकदम त्रास, आणि बाहेर आल्यावर उतार, एवढं लक्षात ठेवा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजन भरलेलंच वाटतं आणि आकडा चांगला दाखवतो. प्रत्येक खोलीत आणि प्रत्येक तंबूत मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तुम्ही हीटरवर वाचवणार त्याच्या तुलनेत ही रक्कम काहीच नाही. ऑफिस "नंतर बघू" म्हणालं तर स्वतःच्या खिशातून घ्या, मी घेतले होते.

खोल्यांसाठी वीज मिळत असेल तर तेलाचे रेडिएटर उत्तम. २०१९ साली श्रीनगर-लेह २२० केव्हीची लाइन चालू झाल्यापासून कारगिलला ग्रिडची वीज आहे. तुमच्या साइटला मंजूर भार किती ते बघा आणि त्यातला मोठा वाटा राहायच्या खोल्यांना द्या, काँक्रीटला डिझेल.

मग हीटर किती? छोटे तंबू करून एका वेळी दोन फौंडेशन घेतलीत तर गरज २५ किलोवॉटची. उंचीमुळे कमी होणारी ताकद धरून ३० किलोवॉटचे, धुराडं असलेले दोन हीटर घ्या. एका हीटरवर एक तंबू चालवा, आणि दोघांच्या नळ्या एकमेकांच्या तंबूत वळवता येतील अशा लांब ठेवा. तिसरा तसाच, जोडून, चालवून बघितलेला, पण बंद. चार मोठ्यांपेक्षा हे तीन छोटे बरे. सोबत नोझल, फिल्टर, इग्निशनचे सुटे भाग दुप्पट. झोजिलाची खिंड बंद झाली की श्रीनगरहून चार आण्याचा वॉशरही येत नाही.

रात्रपाळीला दोन माणसं लावा, एक कधीच नाही. त्यांना घड्याळ, बॅटरी आणि एक वही द्या. दर तासाला चार गोष्टी लिहायच्या: बाहेरचं तापमान, कोपऱ्यातल्या थर्मामीटरचा आकडा, टाकीतलं डिझेल, धुराड्यातून धूर येतोय का. कोपरा ५ अंशांवर आला की तुम्हाला उठवायचं, विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा तरी पहाटे चारला स्वतः जा, न सांगता, आणि जाताना चहाचा थर्मास घेऊन जा.

डिझेलची नळी मात्र आजच गुंडाळून घ्या.